जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेताना: म्हातारी बॅटरी चालेल, आजारी नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला धायरी, नोकरी पिंपरीत, ये-जा मिळून रोज जवळपास ५० किलोमीटर. ऑगस्ट २०२२ मध्ये पासिंग झालेली, ३ किलोवॉट-अवर बॅटरीची एक इलेक्ट्रिक स्कूटर सिंहगड रोडवर विकायला आहे. २९ हजार किलोमीटर चाललेली. मालक ६५ हजार मागतोय आणि ‘बॅटरी एकदम मस्त, अजून शंभर टक्के चार्ज होते’ म्हणतोय. घ्यावी का? जोडीला दुसरा प्रश्न: बहिणीसाठी विनानंबरची छोटी स्कूटर २२ हजारांत मिळतेय, ती कशी?

मी आधी पेट्रोलच्या दुचाकींचं गॅरेज चालवायचो, आता माझ्याकडे येणारी बहुतेक कामं इलेक्ट्रिकची असतात. गाडी घेण्याआधी दाखवायला आणणारेही बरेच. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी हेच सांगावं लागतं की ‘शंभर टक्के चार्ज होते’ या वाक्याला काही अर्थ नाही. निम्मी संपलेली बॅटरीसुद्धा शंभर टक्के चार्ज होते. तिचे शंभर टक्के लहान झालेले असतात, एवढंच. स्क्रीनवरचा आकडा आजच्या क्षमतेचा भाग दाखवतो, नवी असतानाच्या क्षमतेचा नाही. पेट्रोलच्या गाडीची टाकी दहा वर्षांनीही तेवढीच राहते, इथे टाकीच आकसत जाते. म्हणून स्क्रीन बघून किंमत ठरवायची नाही, टाकी मोजायची.

ती मोजता येते, आणि त्यासाठी मेकॅनिकही लागत नाही. सॉकेट आणि चार्जरच्या मध्ये लावायचा वीज मोजणारा छोटा प्लग-मीटर हजारएक रुपयांत ऑनलाइन मिळतो. मात्र १६ अँपिअरचा घ्या, ६ अँपिअरचा स्वस्त घेऊन वितळवू नका. तो मिळाला नाही तर मालकाच्या घरातलं बाकी सगळं बंद करून महावितरणच्या मीटरवरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून घ्या. किलोवॉट-अवर म्हणजे आपलं विजेचं युनिटच, त्यामुळे पुढे मी युनिटच म्हणतो.

गाडी २० टक्क्यांवर आणायला सांगा. तिथून १०० पर्यंत चार्ज करा आणि किती युनिटं गेली ते बघा. चार्जरमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून आलेल्या आकड्याला ०.८८ नं गुणा. ही झाली बॅटरीत प्रत्यक्ष गेलेली वीज. ती ८० टक्के भाग भरायला लागली, म्हणून ०.८ नं भागा. आली आजची क्षमता. समजा मीटरवर २.१ युनिटं आली. २.१ गुणिले ०.८८ म्हणजे सुमारे १.८५, त्याला ०.८ नं भागलं की २.३. कंपनीच्या कागदावर ३ लिहिलंय, म्हणजे बॅटरी ७७ टक्के उरली. यात थोडी सूट द्या, कारण बऱ्याच कंपन्या कागदावर पूर्ण क्षमता लिहितात आणि त्यातला काही भाग बॅटरीच्या सुरक्षेसाठी राखून ठेवतात, नव्या गाडीतही तो वापरता येत नाही. माझ्या हिशेबात या गाडीला मी ८० च्या आसपास धरीन. प्रयोगशाळेतला आकडा नव्हे, पण सौद्यासाठी पुरेसा.

या सगळ्याला चार-पाच तास लागतात. मालकाला ते जड वाटेल, तर सकाळी गाडी लावा आणि संध्याकाळी या. ज्याला खरंच विकायची आहे आणि लपवायचं काही नाही, तो हो म्हणतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आलाय म्हणून घाई करणारा असेल, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं भलं होवो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी संगणकाला जोडून बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढता येतो. सोबत मालक लागतो, कारण गाडी त्याच्या नावावर आहे. रिपोर्ट मिळाला तर उत्तमच, पण माझं मीटर तरीही लावा. रिपोर्टमधली टक्केवारी कंपनीच्या सॉफ्टवेअरनं काढलेला अंदाज असतो. विजेचं मीटर अंदाज करत नाही.

आता २९ हजार किलोमीटर. हा आकडा ऐकून लोक दचकतात, तुम्ही दचकू नका. शहरातली स्कूटर किलोमीटरला २५ ते ३५ वॉट-अवर खाते. ३० धरले तर २९ हजार किलोमीटरला ८७० युनिटं झाली. ३ युनिटच्या बॅटरीला ही साधारण २९० वेळा पूर्ण भरून पूर्ण रिकामी केल्यासारखी झाली. चांगल्या लिथियम सेलना अशा आठशे-हजार फेऱ्या सोसतात. म्हणजे किलोमीटरनं ही बॅटरी फारशी थकलेली नाही. तिला थकवतात वय आणि उष्णता. रोज रात्री शंभर टक्के भरून दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात दिवसभर उभी केलेली गाडी आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवून तळघरात उभी राहिलेली गाडी, दोन्ही २९ हजार चाललेल्या असतील, तरी बॅटरीत दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून मालकाला किलोमीटर विचारण्यापेक्षा गाडी कुठे उभी असते ते विचारा.

उलट मला भीती वाटते ती ‘चार वर्षांत फक्त सहा हजार चालली, जवळजवळ नवीच’ अशा गाडीची. ती उरलेला वेळ काय करत होती? बंद उभी होती. आणि उभी असताना चार्ज किती होती? लिथियम बॅटरी तळाला जाऊन महिनोन्महिने पडून राहिली की सेलचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, धोक्याच्या खाली जातो, आतलं तांबं विरघळायला लागतं आणि तो सेल पुन्हा भरवशाचा राहत नाही. मालक परदेशी गेला, गाडी पार्किंगमध्ये धूळ खात होती, विकायच्या आधी कुणाकडून तरी ‘उठवून’ घेतली, अशी गाडी चकचकीत दिसते, टायरवरचे रबराचे केसही शाबूत असतात. अशी गाडी मी स्वतःसाठी घेणार नाही.

इथून मुद्दा येतो मथळ्यातला. क्षमता सगळ्या सेलची मिळून सावकाश, सारखी कमी झाली तर ती बॅटरी म्हातारी. तिचा भाव कमी करून घ्यावा आणि खुशाल वापरावी. पण पॅकमधला एखादा गट बाकीच्यांच्या मागे पडला असेल तर ती आजारी. पॅकमध्ये सेलचे गट एकामागे एक जोडलेले असतात आणि वर बसलेली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी सर्किटची पाटी, सगळ्यांत कमजोर गटाकडे बघून निर्णय घेते. तेरा गटांत बारा धडधाकट असले तरी तेरावा तळाला लागला की ती गाडी बंद करते. वर चार्ज करतानाही तेच, एक गट आधी भरला की चार्जिंग थांबतं आणि बाकीचे अर्धपोटी राहतात. हे दुखणं आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं.

आजार ओळखायला गाडी पूर्ण चार्ज असताना बघायला जाऊ नका. भरलेल्या बॅटरीवर प्रत्येक गाडी पळते. मालकाला सांगा, ३५-४० टक्क्यांवर ठेवा. मग मागे कुणाला तरी बसवून जुन्या कात्रज घाटात बोगद्याकडे चढवा. नवले पुलाचा हायवेवरचा उतार यासाठी वापरू नका, तिथे ट्रकच्या गर्दीत तुमचं लक्ष स्क्रीनवर असून चालणार नाही. घाटात चढताना टक्का एकेक करून उतरायला हवा. ३१ चा अचानक १९ झाला, किंवा २५ च्या आसपास गाडीनं स्वतःहून वेग कमी केला आणि सपाटीवर आल्यावर टक्के पुन्हा वर चढले, तर कमजोर गट आहे. त्या दिवशी सौदा थांबवा. चार्जिंगच्या वेळी ९१-९२ वरून थेट १०० वर उडी मारणं हीसुद्धा तीच खूण. तुम्ही मीटर लावून बसणारच आहात, तर ही शेवटची वीस मिनिटं नीट बघा.

एक अपवाद लक्षात ठेवा. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीत मधल्या पट्ट्यात सेलचा दाब जवळपास सपाट असतो, त्यामुळे टक्के काढताना तिचा अंदाज मुळातच चुकू शकतो. मालक कधीच पूर्ण चार्ज करत नसेल तर आकडा भरकटतो आणि बॅटरी चांगली असूनही उडी दिसते. अशी गाडी एकदा पूर्ण १०० पर्यंत नेऊन, तासभर तशीच लावून ठेवून पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही उडी मारली तर मग शंका नाही.

पॅक स्थानिक बनावटीचा असेल तर त्याच्या बीएमएसला बऱ्याचदा ब्लूटूथ असतं आणि मोबाइलवर प्रत्येक गटाचा दाब वेगवेगळा दिसतो. गाडी अर्धा तास निवांत उभी असताना सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटात २०-३० मिलिव्होल्टचा फरक ठीक. १०० च्या पुढे गेला तर मी बाजूला होतो. कंपनीच्या सीलबंद पॅकमध्ये हे फक्त सर्व्हिस सेंटरला दिसतं. आणि सील तुटलेला दिसला, स्क्रूच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे असले, तर पॅक कुणी आणि का उघडला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या पॅकमधले बरे सेल निवडून नवा पॅक बांधून देणारे शहरात आहेत. त्यातले काही चांगलं काम करतात, पण बाहेरून बघून तुम्हाला ते कळणार नाही.

पासिंगची तारीख ऑगस्ट २०२२ आहे, तर सुरक्षिततेबद्दलही दोन शब्द. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, पुण्यातही लागली होती. त्यानंतर सरकारनं बॅटरीचं मानक, एआयएस-१५६, कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. म्हणजे तुम्ही बघताय ती गाडी जुन्या मानकातली. ती पेटेलच असं अजिबात नाही, अशा लाखो गाड्या रोज धावतायत. पण त्याच मॉडेलची एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी सात-आठ हजार जास्त देऊन मिळत असेल तर मी ती घेईन. गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर बनवल्याचा महिना असतो, पासिंगच्या तारखेवर जाऊ नका. शोरूममध्ये गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात.

आता पाणी. गाडी सिंहगड रोडची आहे हे वाचल्यावर मला पहिला तोच प्रश्न पडला. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांची पार्किंगं बुडाली होती. तिथल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असतील. २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतरच्या गाड्याही घाट चढून आल्या असणार. ‘आयपी६७ आहे, पाण्याचं काही नाही’ असं मालक म्हणेल. त्या आकड्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही नव्या कोऱ्या पॅकला, चाचणीच्या स्वच्छ पाण्यात. गाळाच्या पाण्यात रात्रभर बुडालेल्या, तीन वर्षं खड्ड्यांत हादरलेल्या पॅकला तो लागू नाही. आणि पॅक वाचला तरी बाकीच्या गाडीतले कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, वाचत नाहीत.

डिकीचा मॅट उचला, खालच्या कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ शोधा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. फुटबोर्डाखालचं कव्हर उघडायला सांगा आणि एक-दोन कपलर ओढून बघा. आतल्या पिनांवर हिरवी पावडर असेल तर ती गाडी पाण्यात होती, मग मालक काहीही म्हणो. मालकाला सरळ विचारा, त्या पुरात गाडी कुठे होती, आणि इन्शुरन्सचा क्लेम केला होता का. कोकण, गोव्याच्या किनाऱ्याजवळ वापरलेल्या गाडीत पूर न येताही ही पावडर सापडते, खाऱ्या हवेमुळे. तिथल्या गाडीला जास्त वेळ द्या.

बाकीची गाडी पटकन बघून होते, कारण त्यात फारसं काही नसतंच. मागचा टायर लवकर झिजतो, पिकअप जास्त आणि वजन जास्त. मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा. हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर असेल तर, उदाहरणार्थ टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये, घरघर ऐकू आली की बेअरिंग गेलं. एथरसारखी बेल्टची गाडी असेल तर बेल्टला भेगा आणि दात तपासा. हँडल दोन्हीकडे फिरवताना मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, संपला. पुढचे शॉकअप आणि त्यांच्या बुडाची वेल्डिंग मात्र वाकून, टॉर्च लावून बघा. २०२२-२३ मध्ये एका मोठ्या कंपनीनं लोकांच्या तक्रारींनंतर पुढचा फोर्क मोफत बदलून द्यायची मोहीम काढली होती. तशा मॉडेलमध्ये तो बदललाय की नाही हे सर्व्हिस सेंटर चॅसी नंबरावरून सांगतं.

चार्जर. तो गाडीचाच भाग आहे, वेगळा नाही. त्या काळातल्या कित्येक गाड्यांच्या बिलात चार्जर वेगळा लावला जायचा, कारण अनुदानासाठी गाडीची किंमत ठराविक मर्यादेत ठेवायची होती. सरकारनं चौकशी लावल्यावर मे २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांना ते पैसे परत करायचं कबूल केलं. त्यामुळे ‘चार्जर मी वेगळा घेतला होता, त्याचे वेगळे द्या’ हे चालू देऊ नका. नवा घ्यायचा झाला तर खर्च दहा हजारांच्या पुढेच जातो. आणि चार्जर मूळचाच हवा. दिसायला सारखा, पिन सारखी, पण शेवटचा व्होल्टेज वेगळा असा चार्जर बॅटरीचा घात करतो. ५८.४ व्होल्टचा आणि ५४.६ व्होल्टचा चार्जर शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, मागचं लेबल वाचावंच लागतं.

सॉफ्टवेअरकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. हल्लीच्या स्कूटर मालकाच्या मोबाइलला बांधलेल्या असतात. ॲपमधून गाडी कुठे आहे ते दिसतं, काहींना कुलूपही लावता येतं. पैसे देण्याआधी मालकानं तुमच्यासमोर त्याच्या ॲपमधून गाडी काढायला हवी आणि ती तुमच्या नंबरावर जोडली जायला हवी. काही कंपन्या त्यासाठी नावावर झालेलं आरसी मागतात, तर मग ती प्रक्रिया काय आणि शुल्क किती ते सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. नेव्हिगेशन, वेगाचे मोड वगैरे गोष्टी वर्षाच्या पैशांवर चालतात का, ते पैसे कधीपर्यंत भरलेत, हेही विचारा.

वॉरंटीचं तुमच्या गाडीपुरतं उत्तर सोपं आहे. त्या वेळी बॅटरीला साधारणपणे ३ वर्षांची वॉरंटी असायची, काहींना ३० हजार आणि काहींना ५० हजार किलोमीटरची मर्यादा, जे आधी होईल ते. म्हणजे ऑगस्ट २०२५ ला ती संपली, मालकानं वाढीव घेतली नसेल तर. वाढीव घेतली असेल तर गाडीची किंमत खरोखर जास्त आहे, पण कागद बघा आणि ती नव्या मालकाला लागू होते का ते कंपनीकडून लेखी घ्या. काही कंपन्यांनी पुढे ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंतची वॉरंटी आणली. अशी वॉरंटी चालू असलेली गाडी मिळाली तर आजारी बॅटरीची अर्धी चिंता मिटते. मात्र डिलिव्हरीच्या धंद्यात वापरली असेल तर अनेक ठिकाणी वॉरंटी उडते. मागच्या बाजूला बॉक्सच्या पट्ट्यांचे घासलेले व्रण दिसतातच.

कागदपत्रांत पेट्रोलच्या गाडीपेक्षा वेगळं फार नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बँकेचं कर्ज नोंदलेलं आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. ‘कर्ज फिटलंय, फक्त नोंद काढायची राहिलीय’ हे ऐकून बयाणा देऊ नका. ई-चलनं तपासा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबराच्या रकान्यातला मोटर नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. मोटर बदलली असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल तर ट्रान्सफर अडकते. टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३०, सहीचे घेऊन घरी ठेवू नका. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्सही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. २०२२ ला नवी घेतलेल्या गाडीची थर्ड पार्टी पाच वर्षांची असते, त्यामुळे ती २०२७ पर्यंत आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी दरवर्षीची, ती बहुधा संपलेली असेल. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, तो तुमच्या हिशेबात धरू नका. बेंगळुरूच्या केए पासिंगच्या गाड्या ऑनलाइन स्वस्त दिसतात. एनओसी आणि पुन्हा नोंदणीच्या खेपा बघता पाच-सात हजारांसाठी ते करू नये, असं माझं मत.

हीच गाडी डीलरकडून घेतली तर त्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत तो १२ वरून १८ केला गेला. तो तुमच्याकडूनच वसूल होणार. माणसानं माणसाला विकली तर कर नाही. डीलर लेखी सहा महिन्यांची बॅटरीची हमी देत असेल तरच त्याला वरचे पैसे द्यावेत.

आता भाव. मालकानं २०२२ मध्ये किती मोजले होते हे विसरा. तेव्हाचं अनुदान, तेव्हाच्या किमती सगळं बदललं. आज तेवढ्याच बॅटरीची नवी गाडी ऑन रोड कितीला मिळते ते काढा आणि त्याच मॉडेलच्या नव्या बॅटरीचं कोटेशन सर्व्हिस सेंटरकडून घ्या. ३ युनिटच्या आसपासच्या पॅकला साधारण साठ हजारांपासून पुढे सांगतात. म्हणजे मालक ६५ हजारांत जे विकतोय त्यातली बरीचशी किंमत त्या एका डब्याची आहे.

तुमची गरज ५० किलोमीटरची. मोजणीत बॅटरी ८५ टक्क्यांच्या वर निघाली तर २.५ युनिटं उरली. तळाचे १५ टक्के सोडून बाकीचं वापरलं, तर ३० वॉट-अवरनं सत्तर किलोमीटर मिळतात. पावसात, मागे माणूस बसवूनही तुम्ही घरी पोहोचाल. अशा गाडीला ५५ हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही. ७७-८० निघाली तर तीच गणितं ६५ किलोमीटरवर येतात. आज जमेल, पण दोन वर्षांत रोज संध्याकाळी घशाशी येईल. कंपनीत चार्जिंगची सोय असेल तर ४०-४५ हजारांत घ्या, अगदी चांगला सौदा आहे. नसेल तर तुमच्यासाठी ही गाडी नाही, वीस किलोमीटर जाणाऱ्यासाठी आहे. घाटात टक्क्यांनी उडी मारली तर २५ हजारांतही नको. आणि मालक मोजूच देत नसेल तर ती उडी मारतेच असं धरून चाला.

धायरीच्या सोसायटीत चार्जिंगला परवानगी आहे का, तुमच्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरवरून १६ अँपिअरची लाइन, एमसीबी आणि अर्थिंग येतं का, हे गाडी बघायला जायच्या आधी ठरवा. हीरोच्या विडासारखी बॅटरी काढून वर नेता येणारी गाडी असेल तर प्रश्न सुटतो, पण पॅक उचलून जिने चढायची तयारी हवी.

बहिणीच्या गाडीबद्दल. नंबर प्लेट, लायसन्स न लागणारी स्कूटर म्हणजे मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. २२ हजारांची ती गाडी चालवून बघा. ४०-४५ नं पळाली, किंवा विकणारा ‘एक वायर काढली की सुसाट जाते’ असं कौतुकानं सांगायला लागला, तर ती कायद्याच्या लेखी बिनपासिंगचं, बिनइन्शुरन्सचं मोटार वाहन आहे. पोलिसांनी पकडली तर दंड, आणि कुणाला धडकली तर भरपाई तुमच्या खिशातून. ती घेऊ नका.

खरोखर २५ ची असेल आणि बहिणीला दोन-चार किलोमीटरवर क्लासला जायचं असेल तर वाईट नाही. त्यात बहुधा १२ व्होल्टच्या चार किंवा पाच लेड बॅटऱ्या असतात. त्यांचं आयुष्य वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन. पूर्ण चार्ज करून तासभर थांबून मल्टिमीटरनं एकेक मोजा, १२.७ ते १३ हवं. मग कुणाला तरी चालवायला सांगून चढावर पुन्हा मोजा. एखादी १०.५ च्या खाली जात असेल तर ती गेली, आणि एक नवी तीन जुन्यांबरोबर लावली तर जुन्या तिलाही घेऊन बुडतात, म्हणून पूर्ण सेट बदलावा लागतो. त्या सेटची किंमत बॅटरीवाल्याकडून आधी विचारा, जुन्या शिशाच्या वजनाचे पैसे वळते करून. ती रक्कम २२ हजारांतून वजा करा, उरेल तेवढंच त्या गाडीला द्या. कंपनी अजून चालू आहे का, कंट्रोलर आणि चार्जर कुठे मिळतो, हे त्या बॅटरीवाल्यालाच विचारा, त्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं.